भांड्याच्या लिक्विडमधून काय काढू, काय ठेवू? खारपाणपट्ट्यातल्या बचत गटाचा प्रश्न

दर्यापूरची ताई

नमस्कार मंडळी. मी दर्यापूर तालुक्यातली. पूर्णेचं खोरं, खारपाणपट्टा, विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही असं. आमचा सरकारच्या उमेद अभियानातला दहा बायांचा बचत गट आहे. पापड-शेवया सगळेच गट करतात म्हणून आम्ही भांडी घासायचं लिक्विड आणि पांढरं फिनाईल घेतलं. विक्री बरी आहे. आजूबाजूच्या गावांत आणि आठवडी बाजारात माल जाते.

कच्चा माल शहरातल्या एका केमिकलच्या दुकानातून येते. अ‍ॅसिड स्लरी, कॉस्टिक सोड्याचे फ्लेक्स, मळ काढणारी एसएलईएसची पेस्ट, 'फोम बूस्टर' म्हणून एक पिवळसर घट्ट द्रव, मीठ, रंग, लिंबाचा सेंट आणि एक छोटी बाटली. तिच्यावर पेनाने नुसतं 'प्रिझर्व्हेटिव्ह' लिहिलेलं असते. झाकण उघडलं की डोळ्यांतून पाणी गळते. फिनाईलचं तर तयार कंपाउंडच देतात, वीसपट पाणी घाला म्हणतात. कशात काय आहे म्हणून विचारलं तर दुकानदार म्हणते, "कंपनीचा फॉर्म्युला आहे ताई, तुम्हाला त्याचं काय करायचं?"

आता अडचणी. माल घोटणाऱ्या बायांच्या हातांची सालं निघतात. बोटांच्या बेचक्यात भेगा पडल्या की भाकरी थापता येत नाही, तिखट लागलं की जीव जाते. हातमोजे आणून दिले, पण मे महिन्यात टिनाच्या शेडमध्ये ते कोणी घालून बसत नाही. आणि मी त्यांना रागावू तरी कशी?

दुसरं, लिक्विड एकसारखं होत नाही. एकदा छान दाट, एकदा पाण्यासारखं. पातळ झालं म्हणून मीठ वाढवलं तर अजून पातळ होते, हे तर कोडंच आहे.

तिसरं आत्ताचं. नागपूरच्या एका मोठ्या कंपनीच्या कॅन्टीनसाठी आमचा माल घेतो म्हणतात. त्यांचा एक फॉर्म आला आहे. प्रत्येक घटकाचं रासायनिक नाव, सीएएस नंबर (रसायनाचा ओळख क्रमांक), सेफ्टी डेटा शीट (त्यातल्या धोक्यांची माहिती देणारा कागद). खाली रकाने: नॉनिलफिनॉल इथॉक्सिलेट आहे का, फॉर्मल्डिहाइड आहे का, ट्रायक्लोसान आहे का, फॉस्फेट आहे का. हो किंवा नाही. आणि खरेदीवाले फोनवर सांगतात की लेबलवर हिरवं पान छापा, 'केमिकल फ्री, इको फ्रेंडली' लिहा, म्हणजे साहेब लवकर पास करतील.

जे मला माहीतच नाही त्यावर सही कशी करू? माझी सासू भांड्याचं पाणी मेथीच्या वाफ्यात सोडते. गल्लीतल्या शेळ्या नालीचं पाणी पितात. काय काढू, त्याच्या जागी काय टाकू, आणि ते अमरावती-अकोल्यात भेटते का, कोणी नीट सांगाल का?


परतवाड्याचा केमिस्ट

ताई, सही केली नाही हे फार चांगलं केलंत. मी बरीच वर्षं ठाणे-बेलापूर पट्ट्यात साफसफाईच्या मालाच्या लॅबमध्ये होतो, आता परतवाड्याला असतो. सविस्तर लिहितो, कारण तुमच्या तिन्ही अडचणींचं मूळ एकच आहे: ड्रममध्ये काय आहे ते तुम्हाला कोणी सांगितलेलं नाही.

आधी हात. अ‍ॅसिड स्लरी हे जोरदार आम्ल आहे, कॉस्टिक टाकून ते मारावं लागतं. एक किलो स्लरीला साधारण १२० ते १२५ ग्रॅम कॉस्टिक लागतं, पण स्लरी किती शुद्ध आहे त्यावर हे बदलतं. ग्लासाने किंवा अंदाजाने टाकलं की थोडं कॉस्टिक उरतं, आणि तेच कातडी सोलतं. साधा लिटमस इथे कामाचा नाही. १ ते १४ पर्यंतचा रंगांचा तक्ता असलेला पीएच पेपर घ्या (७ च्या खाली आम्ल, वर कॉस्टिकसारखं अल्क) आणि प्रत्येक घाण्याचा पीएच वहीत लिहा. आपल्या कातडीचा पीएच ५ च्या आसपास असतो. भांड्याचं लिक्विड लिंबूसताने ५ ते साडेपाचपर्यंत आणलं तर हातांना सोसतं.

पण माझा खरा सल्ला वेगळा आहे. स्लरी आणि कॉस्टिक दोन्ही शेडमधून बाहेर काढा. नुसतं एसएलईएस आणि सोबत कोकामिडोप्रोपिल बिटेन घ्या. बिटेन फेसही देतं, दाटपणाही देतं, आणि एसएलईएसचा हातांवरचा जाच कमी करतं. स्लरीपेक्षा महाग पडेल. रंग पूर्ण काढला आणि सेंट निम्मा केला तर त्यातला काही भाग भरून निघेल. रंग भांडं घासत नाही.

१९९८ साली पॉल अनास्तास आणि जॉन वॉर्नर या दोन अमेरिकी रसायनशास्त्रज्ञांनी हरित रसायनशास्त्राची बारा तत्त्वं मांडली. त्यांचा गाभा असा की धोका नंतर सांभाळत बसण्यापेक्षा तो मुळात तयारच होऊ नये अशी वस्तू बनवा. घाण झाल्यावर साफ करण्यापेक्षा घाण होऊ देऊ नका, आणि काम झाल्यावर निसर्गात तुटून निरुपद्रवी होईल असंच रसायन निवडा. तुमच्या बाया मे महिन्यात हातमोजे घालत नाहीत यात त्यांचा काडीचाही दोष नाही. ४५ अंशांत हातमोजे घालावे लागतील असा माल त्यांच्यापुढे ठेवला गेला, दोष तिथे आहे.

फोम बूस्टर. पिवळसर आणि घट्ट म्हणता, म्हणजे बहुतेक कोकामाइड डीईए, बाजारात 'सीडीईए' म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ते '२ ब' गटात, म्हणजे माणसात कर्करोग घडवण्याची शक्यता असलेल्यांत टाकलं आहे. बिटेन आलं की त्याची गरजच उरत नाही.

छोटी बाटली. डोळ्यांतून पाणी येतं त्यावरून फॉर्मॅलिनचा वास येतो, पण खात्री कागदानेच करा. फॉर्मॅलिन म्हणजे पाण्यातलं फॉर्मल्डिहाइड, आणि ते त्याच संस्थेच्या पहिल्या गटात आहे, म्हणजे कर्करोग घडवतं हे सिद्ध झालेलं. ते टिकाऊपणासाठी टाकतात कारण स्वस्त आहे. त्याऐवजी सोडियम बेंझोएट आणि पोटॅशियम सॉर्बेट वापरा, लोणची-सरबतवाल्यांकडेही मिळतं. मात्र ते आम्लधर्मी मालातच चालतं. पीएच वर गेला की बेंझोएटचा जोर ओसरतो. म्हणून पीएच पेपर इथेही लागतो. दुकानदार कदाचित आयसोथायझोलिनोन देईल, 'सीएमआयटी-एमआयटी' नावाने. त्याने कातडीला अ‍ॅलर्जी होते. युरोपात धुऊन टाकायच्या सौंदर्यप्रसाधनांत दहा लाखांत १५ भागांच्या वर ते चालत नाही. एवढं बारीक मोजमाप शेडमध्ये होणार नाही, तेव्हा नकोच.

आता मिठाचं कोडं, ते तर तुमच्या पाण्यातच आहे. एसएलईएसमध्ये मीठ टाकत गेलं की द्रव आधी दाट होत जातो, एका टोकाला पोचतो, आणि त्यापुढे प्रत्येक चिमटीला पातळ होतो. तुमच्या विहिरीच्या पाण्यात मीठ आधीच आहे. म्हणजे तुम्ही चढ अर्धा चढूनच सुरुवात करता, आणि उन्हाळ्यात पाणी आटून अजून खारं झालं की थेट पलीकडे उतरता. गावात आरओचे जार येत असतील. त्या पाण्यात एक लिटर बनवा, सहा ग्लासांत वाटा, आणि प्रत्येकात मीठ थोडं थोडं वाढवत जा. टोक डोळ्यांना दिसेल.

फिनाईलचं कंपाउंड ही मला सगळ्यात जास्त काळजीची गोष्ट वाटते. पाइन तेल पाण्यात मिसळायला इमल्सिफायर, म्हणजे तेल-पाणी जुळवणारं द्रव्य लागतं, आणि आपल्याकडे सर्रास 'एनपी ९.५' वापरतात. तेच फॉर्ममधलं नॉनिलफिनॉल इथॉक्सिलेट. नालीत गेल्यावर ते अर्धवट तुटतं आणि नॉनिलफिनॉल उरतं. ते माशांना विषारी आहे, शरीरातल्या संप्रेरकांची नक्कल करतं आणि गाळात टिकून राहतं. युरोपने २००३ च्या कायद्याने साफसफाईच्या मालात त्याची मर्यादा ०.१ टक्क्यावर आणली. त्याच्या जागी लॉरिल अल्कोहोल इथॉक्सिलेट चालतं, किंवा जुन्या पद्धतीचा एरंडेल तेलाचा साबण.

एसएलईएसबद्दलही एक सांगतो, लपवत नाही. ते बनवताना १,४-डायॉक्सेन नावाचं द्रव्य अगदी थोडं तयार होतं आणि आत राहतं. पाण्यात असं मिसळतं की नेहमीच्या शुद्धीकरणाने निघत नाही. न्यूयॉर्क राज्याने घरगुती साफसफाईच्या मालासाठी २०२३ अखेरपासून दहा लाखांत एक भाग ही मर्यादा घातली आहे. चांगले उत्पादक आपल्या मालाचं डायॉक्सेन प्रमाणपत्र देतात. ड्रमसोबत मागा.


मूर्तिजापूर किराणा

ताई, केमिस्ट भाऊनं सांगतलं ते सगळं खरं असन. पण गिऱ्हाईक काय पाह्यते ते मी रोज पाह्यतो. बाई आली का बाटली हालवते, फेस येते का पाह्यते, झाकण उघडून वास घेते. पानी-पानी दिसलं तं ठेवून देते. हिरवा रंग नसला तं म्हणते, हे लिंबाचं नाई वाटत.

माह्याजवळ एका गटानं रिठ्याचं लिक्विड आणलं होतं. चांगल्या मनानं केलं होतं, काहीच टाकलं नव्हतं त्यात. थोड्या दिवसात बाटल्या फुगल्या, आंबूस वास सुटला, दोन फुटल्या बी. लोकं वापस घेऊन आले. तवापासून मी नैसर्गिक म्हटलं का घाबरतो. तुम्ही माल बदलाच, पन टिकला पायजे अन् भांडं निघालं पायजे. आमच्या इकडच्या खाऱ्या पान्यात साबनाले तं फेसच येत नाई.


परतवाड्याचा केमिस्ट

किराणावाले भाऊ, मोलाचं बोललात. रिठ्यात सॅपोनिन असतं, ते खरोखर साफ करतं. पण रिठ्याच्या पाण्यात साखरही उतरते, आणि त्यावर बुरशी-यीस्ट वाढतात. म्हणून टिकवणारं द्रव्य लागतंच. सुरक्षित माल म्हणजे काहीच न टाकलेला माल असं मी मानत नाही. सडलेलं लिक्विड ज्या ताटाला लागतं ते ताटही सुरक्षित नाही.

खाऱ्या पाण्यात साबणाला फेस येत नाही त्याची कारणं सरळ आहेत. साबणाच्या कारखान्यात कढईतला साबण वेगळा काढायला मीठच टाकतात. खूप खाऱ्या पाण्यात तो नीट विरघळत नाही. शिवाय पाणी जड असलं, म्हणजे त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम असलं, की साबणाची साय होते आणि फेस येत नाही. एसएलईएसला तेवढा त्रास होत नाही. सोबत सोडियम सायट्रेट घातलं तर पाण्याचा जडपणाही धरून ठेवतं, आणि त्याच कामाच्या ईडीटीए या द्रव्यासारखं नदीत बराच काळ टिकून राहत नाही.

बदलायला वेळ लागतो, तोटाही होतो, हे मोठ्या कंपन्यांनाही चुकलं नाही. अमेरिकेच्या एस. सी. जॉन्सन कंपनीने २००१ साली प्रत्येक कच्च्या मालाला गुण देणारी 'ग्रीनलिस्ट' पद्धत सुरू केली. २००४ मध्ये त्यांनी अन्न झाकायच्या आपल्या प्लास्टिकमधून क्लोरीन असलेलं द्रव्य काढलं. नवं प्लास्टिक पूर्वीसारखं चिकटत नव्हतं, गिऱ्हाईक तुटलं, बाजारातला वाटा घसरला. तरी ते मागे फिरले नाहीत, आणि मालकाने हे सगळं पुढे उघडपणे लिहिलं. मला त्यातलं उघडपण फार महत्त्वाचं वाटतं. तोटा झाला तर झाला म्हणायचं.

आणि फेसाचं म्हणाल तर १९५० च्या दशकात अमेरिका-जर्मनीत नद्यांवर फेसाचे ढीग साचायचे. तेव्हाच्या डिटर्जंटच्या रेणूला फांद्या होत्या, जिवाणूंना ते तोडता येत नव्हते. जर्मनीने १९६१ मध्ये कायदा केला, अमेरिकी कारखान्यांनी १९६५ च्या सुमारास सरळ साखळीचा रेणू घेतला, आणि फेस ओसरला. कपडे तेवढेच निघत होते. आज तुमची स्लरी त्याच सरळ साखळीची आहे.


वरूडचा संत्रावाला

आमच्याकडे वरूड-मोर्शीला संत्र्याची सालं वाया जातात. ताई, आम्ही एक भाग गूळ, तीन भाग सालं, दहा भाग पाणी घालून तीन महिने आंबवतो, बायो-एंझाइम म्हणतात. फरशीला छान चालतं. तुम्हाला सालं पाहिजे असतील तर हंगामात येऊन घेऊन जा, पैसे नको. दादांना विचारतो, यात तर काही वाईट नाही ना?


परतवाड्याचा केमिस्ट

भाऊ, आंबवलेल्या द्रवात अ‍ॅसिटिक आणि लॅक्टिक आम्ल तयार होतात, फरशीवरचे क्षार आणि चिकटपणा त्यानेच निघतो. घरी जरूर वापरा. डबा भरताना वर जागा सोडा आणि सुरुवातीच्या महिन्यात झाकण अधूनमधून उघडा, गॅस धरतो. मात्र त्याने जंतू मरतात असं विकताना सांगू नका. प्रत्येक घाणा वेगळा होतो, ते सिद्ध करता येणार नाही.

सालीतलं लिमोनिन तेल वेगळं काढलं तर ग्रीस आणि डिंक काढायला उत्तम, पेट्रोलियम सॉल्व्हंटच्या जागी जगभर वापरतात. पण तेही हवेत ठेवलं की ऑक्सिजन धरतं, आणि त्यातून बनणारी द्रव्यं कातडीला अ‍ॅलर्जी करतात. गडद बाटली, घट्ट झाकण, ताजा माल. झाडातून आलं म्हणून हात लावायला मोकळीक मिळते असं नाही.


अकोटची सिस्टर

मी आरोग्यसेविका आहे. रसायनं मला फार कळत नाहीत, पण बाटलीबद्दल बोलायचं आहे. कृपा करून फिनाईल किंवा लिक्विड पाण्याच्या आणि कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटल्यांत भरून विकू नका. आठवडी बाजारात सर्रास विकतात. रंग लिंबू सरबताचा, वास लिंबू सरबताचा, बाटली सरबताची. दोन-तीन वर्षांच्या लेकराला काय कळणार? फिनाईल प्यायलेल्या लेकराला घरचे मीठपाणी पाजून उलटी करवतात आणि मग आणतात. उलटी करवू नका. उलटीसोबत तेल फुप्फुसात जाते आणि लेकरू दगावू शकते. लगेच दवाखान्यात न्या आणि बाटली सोबत घ्या. बाटलीवर नाव नसेल तर डॉक्टर तरी उपचार कशावर करणार?

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त शेतकरी-मजूर गेले, ते आपण विसरलेलो नाही. तेव्हाही पेशंट काय फवारत होता हे अनेक घरांना सांगता येत नव्हतं. नाव लिहिलेलं असणं हा उपचाराचाच भाग आहे.

आणि संडासाचं अ‍ॅसिड व ब्लिचिंग पावडर एकत्र वापरू नका हे प्रत्येक गटाने आपल्या गिऱ्हाइकाला तोंडाने सांगावं. त्यातून क्लोरीन वायू निघतो, बंद संडासात बाई घुसमटते.


दर्यापूरची ताई

सगळ्यांचे आभार. काल अमरावतीला जाऊन आले. दुकानदाराला म्हटलं, सेफ्टी डेटा शीट दिल्याशिवाय यापुढे माल उचलणार नाही, आमच्यासोबत तालुक्यातले आणखी गटही आहेत. आधी हसला. मग त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर मागवून दिली. छोटी बाटली फॉर्मॅलिनच निघाली, ३७ टक्के फॉर्मल्डिहाइड. फोम बूस्टरचं नाव कोकामाइड डाइइथेनॉलअमाइन. दादा, तुम्ही बघितल्यासारखं सांगितलं. फिनाईलच्या कंपाउंडचा मात्र कागद कोणाकडेच नाही. ज्याच्याकडून तो घेते त्याच्याकडेही नाही.

ग्लासांचा प्रयोग केला. जारच्या पाण्यात चौथ्या ग्लासाला चमचा उभा राहील इतकं दाट झालं, पाचव्यात उतरलं, सहाव्यात पुन्हा पाणी. विहिरीच्या पाण्याचा ग्लास तर पहिल्या चिमटीलाच उतरला. गटातल्या बाया पाहतच राहिल्या. एक म्हातारी मावशी म्हणाली, "म्हंजे आपन इतके दिवस मिठाचे पैसे पान्यात घालत होतो."

आता विचारते की कंपनी हा फॉर्म का भरून मागते? आणि लेबलवर काय लिहू?


परतवाड्याचा केमिस्ट

ताई, तुम्ही तालुक्यातल्या गटांचं नाव घेतलं हेच चाललं. एकट्या गिऱ्हाइकाला कागद मिळत नाही, दहा गटांना मिळतो. अमेरिकेत वॉलमार्टने २०१३ मध्ये पुरवठादारांना सांगितलं की साफसफाईच्या आणि अंगाला लावायच्या मालातली ठरावीक धोकादायक रसायनं उघड करा आणि कमी करा. कायद्याने भाग पाडण्याची वाट न पाहता कारखान्यांनी फॉर्म्युले बदलले, कारण विचारणारा मोठा होता.

तुमच्या फॉर्ममागे बहुधा सेबीचा, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचा नियम आहे. शेअर बाजारातल्या पहिल्या १००० कंपन्यांना २०२२-२३ पासून पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल देणं बंधनकारक झालं, त्याला बीआरएसआर म्हणतात. मग कंपन्या आपल्याला माल पुरवणाऱ्यांकडे विचारणा करतात. फॉर्म चांगला आहे, रकाने योग्य आहेत. पण तोच खरेदीवाला फोनवर हिरवं पान छापा म्हणतो हे मला अजिबात पटलेलं नाही. अहवालात त्यांचा आकडा सुंदर दिसेल आणि खोट्याची सही तुमची असेल.

ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने फसव्या पर्यावरणी दाव्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. 'ग्रीन', 'इको फ्रेंडली', 'नॅचरल' असे मोघम शब्द पुराव्याशिवाय आणि खुलाशाशिवाय वापरता येत नाहीत. 'केमिकल फ्री' तर लिहूच नका, पाणीसुद्धा रसायन आहे आणि तुमच्या बाटलीत एसएलईएस आहे. त्याऐवजी सरळ लिहा: यात फॉर्मल्डिहाइड नाही, फॉस्फेट नाही, रंग नाही. आणि सगळे घटक मराठीत. 'जंतुनाशक' किंवा '९९.९ टक्के जंतू' लिहिलं की तुम्ही औषध कायद्याच्या कक्षेत जाता, त्याचा परवाना वेगळा. फिनाईलसाठी अन्न व औषध प्रशासनाच्या अमरावती कार्यालयात आधी विचारून घ्या. बाकी पत्ता, वजन किंवा माप, किंमत, महिना-वर्ष, तक्रारीसाठी फोन हे वैधमापन नियमांप्रमाणे लागतंच.

पुढे कधी सरकारी चिन्ह घ्यावंसं वाटलं तर इकोमार्क आहे, माठाचं चित्र. योजना १९९१ ची, २०२४ मध्ये नवे नियम आले. त्याला तपासण्या आणि खर्च दोन्ही लागतात, आत्ता घाई नको. शिकायला मात्र वर्ध्याची मगनवाडीतली एमगिरी जवळ आहे, ग्रामोद्योगासाठीच ती संस्था आहे. नागपूरची एलआयटी (लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी) तेल-तंत्रज्ञानासाठी जुनी आणि नावाजलेली, १९४२ ची.


चोपण जमीन

दर्यापूरच्या ताई, मी तुमच्याच पट्ट्यातला, बोर्डी नदीकडचा शेतकरी. कोणी न बोललेलं बोलतो. तुमच्या सासूबाई भांड्याचं पाणी मेथीला घालतात म्हणता. आपली जमीन आधीच चोपण. सोडियमने मातीचे कण सुटे होतात, भिजली की चिखल, वाळली की दगड, पाणी आत मुरतच नाही. आम्ही जिप्सम टाकून टाकून थकलो. आणि लिक्विड दाट करायला मीठ, पावडरीत धुण्याचा सोडा, सगळा सोडियमच. वाफ्यात तेच साचते. मालातून मीठ काढता येते का ते बघा. हरित म्हणायचं तर आपल्या मातीला काय होते ते आधी बघावं लागते, अमेरिकेच्या नदीचं नंतर.


परतवाड्याचा केमिस्ट

भाऊ, हा मुद्दा माझ्याकडून सुटला होता आणि खारपाणपट्ट्यात तो पहिला असायला हवा. मिठाऐवजी झँथन गम घ्या. साखरेवर जिवाणू वाढवून बनवतात, सॉस-आइस्क्रीममध्ये खातात, मातीत सहज कुजतो. अर्धा टक्का किंवा त्याहून कमीच लागतो. मग खाऱ्या पाण्याची भीतीही कमी होते, कारण दाटपणा मिठावर अवलंबून राहत नाही. सोडियम सायट्रेटच्या जागी पोटॅशियम सायट्रेट टाका, थोडं महाग आहे. एसएलईएसमधला सोडियम राहील, पण तो बराच कमी. तरी सासूबाईंना सांगा, पहिलं खरकटं-साबणाचं पाणी शोषखड्ड्यात, नंतरचं विसळण्याचं पाणी मेथीला.


दर्यापूरची ताई

आज गटाची बैठक झाली. स्लरी आणि कॉस्टिक बंद. उरलेले फ्लेक्स दुकानदार परत घेते म्हणाला, तेवढे त्याचे आभार. फॉर्मॅलिनची बाटली कुलपात ठेवली आहे, नालीत ओतू दिली नाही. तीही तो परत नेणार आहे. फिनाईल थांबवलं. ज्याचा कागद नाही ते विकायचं नाही असं ठरलं. दोन बाया नाराज आहेत, कारण फिनाईलवर नफा जास्त होता, आणि त्यांची नाराजी मला समजते. त्यांचा महिन्याचा हिशेब भरून कसा काढायचा त्यावर अजून उत्तर नाही.

नागपूरला फॉर्म फक्त लिक्विडचा पाठवला, प्रत्येक रकान्यात खरं लिहून. हिरवं पान नाही म्हणून कळवलं. त्यांनी नमुना मागितला आहे. बाटल्या नव्या घेतल्या, पांढऱ्या, घट्ट झाकणाच्या. सिस्टर, लहान मुलांपासून दूर ठेवा हे मोठ्या अक्षरात मराठीत लिहिलं आहे.

मूर्तिजापूरचे भाऊ, तुमच्या दुकानात एक खोकं ठेवाल का? बिनरंगाचं आहे. बायांना सांगावं लागेल.

आणि दादा, झँथन गम आणला, पण पाण्यात टाकला की माशांच्या डोळ्यांसारख्या गुठळ्या होतात, घोटून घोटून हात दुखले तरी फुटत नाहीत. काय चुकते?


मूर्तिजापूर किराणा

आना ताई. गल्ल्यापाशीच ठेवतो. एक बाटली उघडी ठेवजा, पान्याची बादली अन् एक करपलेली कढई मी ठेवतो बाजूले. घासून दाखवली का बाई रंग नाई विचारत.


परतवाड्याचा केमिस्ट

गम कोरडा पाण्यात टाकू नका. आधी थोड्या ग्लिसरीनमध्ये कालवा, गुळगुळीत झाला की ढवळत्या पाण्यात बारीक धारेने सोडा. अर्धा तास फुगू द्या. एसएलईएस आणि बिटेन त्यानंतर, हळू, फेस न करता. लिंबूसत, बेंझोएट-सॉर्बेट शेवटी, आणि मग पीएच.